मुंबईचा निरोप कसा घेतलात? (परत गोव्यात आलेल्यांसाठी धागा)

वाळवंटीकाठ

गेल्या महिन्यात मुंबईचं बिऱ्हाड आवरून गोव्यात साखळी गावी परत आले. कंपनीने दोनेक वर्षांसाठी फोर्टच्या कचेरीत पाठवलं होतं. राहायला मुलुंडला, एका कुटुंबाच्या घरी पेइंग गेस्ट. आता पुन्हा साखळी आणि कामाला रोज पणजी. घरच्यांना वाटतं, पोर सुटली एकदाची. मला तसं वाटत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी मुंबईला राहून आलेलं असतंच.

आपण गोंयकार मुंबईला जातो ते थोड्या दिवसांसाठी म्हणूनच. मग हे थोडे दिवस दोन वर्षं होतात, कुणाचे वीस होतात, पण मनात ते तात्पुरतंच राहतं. त्यामुळे निघताना निरोप घ्यायला हवा हे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. शेवटच्या आठवड्यात मरीन ड्राइव्हला फोटो काढतात, क्रॉफर्ड मार्केटातून खरेदी करतात आणि गाडीत बसतात. फोटो मीही काढले. पण माझ्या मते निरोप घ्यायचा तो ज्यांच्या जिवावर आपले दिवस निघाले त्या माणसांचा. आणि तात्पुरतं राहिलेल्याने तर तो जास्तच नीट घ्यावा, कारण ही बाई इथे राहणार नाही हे ठाऊक असूनही त्यांनी आपल्याला जागा दिलेली असते.

सकाळच्या फास्ट लोकलमध्ये मी सुरुवातीला दाराजवळच उभी असायचे. आत सरकायचं कसं तेच कळत नव्हतं. मग एक दिवस घाटकोपर यायच्या आत एका बाईंनी खूण करून बोलावलं आणि तिघींच्या बाकावर चौथी म्हणून बसवलं. लेडीज डब्यातून गेलेल्या बायकांना कळेल मी काय म्हणते ते. चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेरच असतं, पण ती मिळाली की तुम्ही त्या ग्रुपच्या झालात. त्यानंतर कुणी विचारलं नाही की तू कुठली, किती दिवस आहेस. एक ताई वाशिंदहून यायच्या, कसाऱ्याच्या गाडीने कल्याण आणि तिथून आमची गाडी. त्या पहाटे चारला उठून दोन डबे करून निघायच्या आणि परतीच्या गाडीत रात्रीची भाजी निवडायच्या. दसऱ्याला डब्याला तोरण बांधायचं, आरती करायची, पेढे वाटायचे. माझ्या पहिल्या दसऱ्याला झेंडूची फुलं आणायचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

निघायचं ठरल्यावर त्यांना पंधरा दिवस आधी सांगितलं. शेवटच्या दिवशी त्यांनी चालत्या गाडीत माझी ओटी भरली. कुर्ला ते दादर. नारळ, खण, तांदूळ आणि ओंजळभर बदाम. गर्दी एवढी की हात वर करायला जागा नव्हती, तरी अनोळखी बायकांनीसुद्धा जरा सरकून वाट करून दिली. दादरला उतरणाऱ्या दोघी सीएसएमटीपर्यंत आल्या आणि तिथून उलट गेल्या. त्या दिवशी दोघींच्या हजेरीवर लाल शेरा पडला असणार.

बाकी लोकांकडेही गेले. डबा देणाऱ्या काकूंकडे, इस्त्रीवाल्याकडे, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे. महिन्याचा हिशेब फोनवरून चुकता करता आला असता, पण मी प्रत्येकाच्या दारात जाऊन हातात पैसे दिले आणि सांगितलं की मी गोव्याला चालले. इस्त्रीवाले भैया म्हणाले, जौनपूरला गावी जातो तेव्हा आम्हालाही सगळीकडे सांगून निघावं लागतं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातली पुस्तकं परत केली. ही संस्था १८९८ सालची. तिच्या शाखा उपनगरांत आहेत म्हणून माझ्यासारख्या पाहुणीला दोन वर्षं वाचायला मिळालं. अनामत परत घ्यायचा अर्ज पुढे केला तेव्हा खिडकीतल्या बाई म्हणाल्या, राहू द्या की सभासदत्व, येणं-जाणं असेलच. राहू दिलं.

इथे आल्यावर मात्र जड जातंय. दुपारी एकला दुकानं बंद होतात ती चारपर्यंत. संध्याकाळी पणजीच्या कदंब स्टँडवर साखळीची बस चुकली की काळजी. हे सगळं लहानपणापासून माहीत आहे, तरी शरीर अजून तिकडच्या घड्याळाने चालतं. तुम्ही कसा निरोप घेतलात? घेतलात का? लिहा.


बार्देशकर

बाय, ओटीचं वाचून थांबलो जरा.

मी १९७० च्या दशकात गेलो होतो, मॅट्रिक होऊन. गिरगावात एका खोलीत आम्ही गोव्याचे सातआठ जण. क्रिस्तांव मित्रांच्या धोबीतलावच्या भागात कुडी होत्या, म्हणजे गावागावाच्या सामाईक राहायच्या जागा. जहाजावर काम करणारा माणूस दोन सफरींच्या मध्ये तिथे येऊन राहायचा, ट्रंक भिंतीला लावून, आणि संध्याकाळी सगळे मिळून रोझरी म्हणायचे. आमची खोली तशी नोंदलेली कूड नव्हती, पण चालायची त्याच रीतीने. नोकरी लागेपर्यंत नव्या पोराने भाडं द्यायचं नाही. लागली की पुढच्या पोराचं त्याने भरायचं.

तेव्हा परतीचा रस्ता म्हणजे आगबोट. रेल्वेने यायचं तर मिरजेला गाडी बदलून मीटर गेज, मग लोंढा, कॅसलरॉक, कुळें. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट पकडायची, डेकवर चटई टाकायची, वाटेत रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि दुसऱ्या दिवशी आग्वादचा किल्ला दिसला की पोरं उभी राहायची. पावसाळ्यात बोटी बंद. त्यामुळे कुणी कायमचा जाणार असेल तर तो मे महिन्याच्या आतच जायचा आणि त्याला पोचवायला अख्खी खोली धक्क्यावर. बोट सुटायला वेळ लागतो, हे आताच्या मुलांना सांगायला हवं. दोर सोडतात, ती हळूहळू लांब जाते, आणि तुम्ही कठड्याला आणि ते धक्क्यावर, एकमेकांकडे बघत असता. बोलणं ऐकू जात नाही. मग कुणीतरी रुमाल काढतो. मी दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे. धक्क्यावर राहणाऱ्याला जास्त कठीण, असं मला आजही वाटतं, कारण त्याला तिथून चालत पुन्हा त्याच खोलीत जायचं असतं.

माझ्या वडिलांच्या वेळचं आणखी निराळं. ते पोर्तुगीज राजवटीत मुंबईला होते. १९५५ च्या सत्याग्रहानंतर सीमा बंद झाली, रेल्वे थांबली. गोव्यात आजी, मुंबईत वडील. घरी यायचं तर परवान्यासाठी खेटे घालायचे, आणि पुन्हा कधी भेट होईल ते सांगता यायचं नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ते पहिल्यांदा मोकळेपणाने घरी आले. ते मुंबईच्या शेजाऱ्यांविषयी बोलायचे ते सख्ख्या नात्यासारखं. त्या वर्षांत सण, आजारपण, सगळं त्यांनीच केलं होतं. वडील पुढे नेहमीसाठी गोव्यात आले, पण गिरगावातल्या त्या शेजाऱ्यांकडे गणपतीला दरवर्षी आमच्याकडून नारळ आणि सोलं जायची. वडील गेल्यावर मी पाठवत होतो. आता त्यांच्या नातवाचं घर डोंबिवलीला आहे, तिथे जातात.

तेव्हा तू म्हणतेस ते पटलं. फक्त एवढं जोडतो, निरोप घेतला की नातं संपलं असं धरू नकोस. त्या वाशिंदच्या ताईंना आंब्यांच्या दिवसांत मानकुराद पाठव.


वाळवंटीकाठ

काका, नक्की पाठवते. त्यांच्या मुलीला गोवा बघायचाय, तिलाच मे महिन्यात बोलावलं आहे. येताना रिकामी पिशवी घेऊन ये म्हटलं.


काणकोणी

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये.

मी अंधेरीला चार-पाच वर्षं होतो आणि कुणालाही न सांगता आलो. घरमालकाला किल्ली दिली, संपलं. मला त्यात काही कमी पडलं असं वाटत नाही. मुंबईत माणसाला रोज इतक्या माणसांना सामोरं जावं लागतं की प्रत्येकाने निरोपाचा सोहळा करायचा म्हटलं तर तिथल्या लोकांना दुसरं काम उरणार नाही. त्यांनी आपल्याला सामावून घेतलं तेही गाजावाजा न करता. आपणही तसंच निघावं.

आणि ज्यांचं खरं देणं लागतो त्यांना शोधायचं कुठे? २६ जुलै २००५ ला मी रस्त्यावर होतो. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, फोन बंद. मी कमरेएवढ्या पाण्यातून एसव्ही रोडने चालत होतो. एका चाळीतल्या लोकांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोर धरला होता, उघडी गटारं कुठे आहेत ते सांगत होते, आणि त्यातल्या एका घरात मी रात्रभर राहिलो. चहा, कोरडा सदरा, झोपायला जागा. पाणी ओसरल्यावर निघालो. नाव विचारलं होतं, पण पाठोपाठच्या धावपळीत ते घर पुन्हा सापडलं नाही.

पुढे मी गावी आलो आणि २ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात तो पूर आला. ज्यांना आठवतो त्यांना आठवतो. काही तासांत घरं गेली, गुरं गेली. आमचं घर उंचावर आहे, ते वाचलं. त्या रात्री आमच्याकडे जेवढे मावले तेवढे लोक होते, काही ओळखीचे, काही त्या बाजूला कामाला आलेले परप्रांतीय मजूर. माझ्या कपाटातले कोरडे कपडे मी एकेकाला देत होतो तेव्हा मला सांताक्रूझचं ते घर दिसत होतं. त्या घराशी माझं जे काही बोलणं बाकी होतं, ते मी काणकोणात बोललो असं मला वाटतं. म्हणून म्हणतो, हे प्रत्येकाचं आपापल्या परीने असावं.


अंत्रुजवासी

काणकोणीकर, राग कसला? तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला.

फक्त 'तात्पुरतं' या मुद्द्यावर थोडं. सगळेच गोंयकार परत यायला म्हणून गेले नाहीत. आमच्या अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, केरीच्या गायिका केसरबाई केरकर, तिकडे कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. गोव्यात त्या काळी गाणाऱ्या बायकांच्या वाट्याला जो समाज होता, त्यात त्यांना ना शिक्षण मिळालं असतं ना मान. मुंबईने दोन्ही दिलं. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, रसिक, बैठका. केसरबाई १९७७ साली मुंबईतच गेल्या. मोगूबाईंच्या गावाचं तर काय सांगायचं, साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचे आणि घरांचे चौथरे वर येतात आणि विस्थापित कुर्डीकर तिथे जमतात. त्या लोकांना निरोप गावाचा घ्यावा लागला. शहर सोडून गावी येणाऱ्या आपल्यासारख्यांना निदान यायला गाव आहे, हे मला नेहमी जाणवतं. माझं आजोळ कुर्डीचं.


मुलुंड ते मडगाव

योगायोग बघा, मीही सध्या मुलुंडलाच आहे, पुढच्या महिन्यात मडगावला परत. हे सगळं वाचून भारावलो आहे. पण डोक्यात कागदपत्रं आणि सामान आहे. भाड्याची खोली, गॅस, बाइक. कुणी अलीकडे केलं असेल तर सांगाल का?


मांडवीकाठ

मी वर्षभरापूर्वी केलं, सांगतो.

खोलीचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असेलच, महाराष्ट्रात तो नोंदवणं सक्तीचं आहे. त्यात नोटिशीचा काळ काय लिहिलाय तो आधी वाच, बहुधा महिनाभर असतो. नोटीस लेखी दे, मेसेज केला तरी चालेल पण तारीख दिसली पाहिजे. खोली सोडताना मालकासमोर विजेचं मीटर, पंखे, नळ यांचे फोटो काढ आणि किल्ली दिल्याचं दोन ओळींत लिहून घे. डिपॉझिटच्या बोलण्यात मग कटुता येत नाही.

गॅस तुझ्या नावावर असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करून टर्मिनेशन व्हाउचर घे. अनामत मिळते आणि मडगावला तेच व्हाउचर दाखवून जोडणी घेता येते. शेगडी तुझीच, ती आण.

बाइक महाराष्ट्राच्या नंबरची असेल तर तिथल्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र आताच काढ. बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते, आणि गोव्यात बसून मुंबईचं प्रमाणपत्र काढायचं म्हणजे हेलपाटे. बाइक रेल्वेने पाठवायची तर पार्सल कार्यालयात आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं आणि गोणपाटाने नीट बांधून घ्यावी लागते. आरसे आणि इंडिकेटर यांच्यावर जाड पुठ्ठा घालायला सांग. कोकणकन्या आणि मांडवी या दोन्हींचं शेवटचं स्थानक मडगाव, त्यामुळे तुला उतरवून घेणं सोपं.

मतदार यादीत नाव तिकडे हलवलं असशील तर इथे आल्यावर फॉर्म ८ भर. हे लोक विसरतात.

आणि एक सल्ला, तू मागितला नाहीस तरी. तिकीट मांडवीचं काढ. कोकणकन्या रात्रीची, डोळा लागतो आणि जागे होतो तो कुडाळ-सावंतवाडी. मांडवी सकाळी सातच्या सुमारास सुटते. दिवसाउजेडी सगळं दिसतं, ठाणं, पनवेल, रोहा संपून कोकण रेल्वे सुरू होते ते, रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आणि मडुरं सोडलं की पेडण्याचा बोगदा. या शेवटच्या बोगद्याच्या भुसभुशीत मातीने किती छळलं ते जुन्या लोकांना माहीत आहे. त्यामुळे सगळा मार्ग सुरू व्हायला १९९८ चा जानेवारी उजाडला. मला मुंबईतून मन काढायला तो अख्खा दिवस लागला. विमानाने तासाभरात मोप्याला उतरलो असतो तर मन मागेच राहिलं असतं.


पेडण्याची लेक

मी लिहू की नको असा विचार करत होते.

माझं मुंबईत राहणं नोकरीचं नव्हतं. आईला परळला टाटा हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. आधी काही दिवस नातेवाइकांकडे, मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. ज्यांनी ती जागा पाहिलेली नाही त्यांना सांगते, तिथे देशभरातले रुग्ण आणि त्यांची माणसं असतात. बंगाल, बिहार, विदर्भ, आसाम. एकमेकांची भाषा येत नाही पण कुणाची केमो कोणत्या दिवशी आहे हे सगळ्यांना पाठ असतं. शेजारच्या कॉटवरच्या जळगावच्या मावशींनी मला मुंबई शिकवली. कोणत्या खिडकीला आधी उभं राहायचं, रिपोर्ट कुठे मिळतात, पेशंटला पेज कशी पातळ करून द्यायची. आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज करतात, ती आईला हवी असायची. मावशींनी कुठून कोण जाणे, उकडे तांदूळ पैदा केले.

तिथे निरोप रोजचाच. कुणी बरं होऊन जातं, त्या दिवशी पेढे. कुणाची कॉट सकाळी रिकामी दिसते, त्या दिवशी कुणी काही विचारत नाही. आम्ही निघालो तेव्हा आईची तब्येत सुधारली होती. मावशींच्या यजमानांचं काही खरं नव्हतं. मी त्यांना आनंदाने कसं सांगणार की आम्ही घरी चाललो? त्यांनीच आईला हाताला धरून खाली टॅक्सीपर्यंत आणलं, कुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, मागे वळून बघू नकोस, इथून जाणाऱ्याने बघायचं नसतं. मी बघितलं नाही.

आई आज बरी आहे. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला स्वतः चालत गेली. मुंबई म्हटलं की लोक समुद्र आणि लोकल सांगतात. मला दादर पूर्वेचा तो जिना आठवतो. वाळवंटीकाठ ताई, तू लिहिलंस की जागा दिली त्यांचा निरोप घ्यावा, त्यावरून हे लिहावंसं वाटलं. मावशींचा फोन दर संक्रांतीला येतो. त्या आता एकट्या आहेत.


वाळवंटीकाठ

ताई, बरं झालं लिहिलंस. आईंना नमस्कार सांग.

काणकोणीकर, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा वाचला. मी म्हटलं होतं की प्रत्येकाच्या दारात जावं. ज्याचं दारच सापडत नाही त्याचा विचार मी केला नव्हता, तो तुम्ही करायला लावलात.

मुलुंडवाल्या दादा, तुमचं निघणं अजून महिन्यावर आहे म्हणून सांगते. शेवटचा आठवडा सामानात जातो, त्याच्या भरवशावर राहू नका. आधीच ठरवा कुणाकुणाला सांगायचं आहे. ज्यांच्याशी रोज दोनच शब्द होत होते त्यांना आधी सांगा, कारण मित्र तर स्टेशनवर येतीलच.


मुलुंड ते मडगाव

मांडवीचं तिकीट काढलं. बाइकच्या प्रमाणपत्राचा अर्ज केला.

आज सोसायटीच्या वॉचमनकाकांना सांगितलं. ते मूळचे चिपळूणचे. म्हणाले, तुझी गाडी चिपळूणला थांबते, डबा कितवा ते आदल्या दिवशी सांग, माझा पुतण्या तिथेच असतो, घरची उसळ आणि भाकरी आणून देईल. मी नको म्हणत होतो, त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या मुलीला यंदा दहावी आहे, माझं अभ्यासाचं टेबल आणि दिवा तिला देऊन येतो आहे.

बाइक उतरवायला मडगावला कुणी मदतीला येऊ शकेल का? तारीख कळवतो.


मांडवीकाठ

मी येतो. पार्सलची पावती तुझ्याजवळच ठेव, सामानात टाकू नकोस.


काणकोणी

मीही येईन. टेम्पो आहे माझा.